बाईंचं वीस किलोचं वजन

कुणी नवी पोरगी समोर आली की बाई तिला नाव विचारायच्या नाहीत. तिच्या काखेत दोन्ही हात घालून वीतभर उचलायच्या, क्षणभर तशीच धरायच्या आणि खाली ठेवून आकडा सांगायच्या. चौतीस. एक्केचाळीस. नाव त्यांच्या लक्षात राहायला पुढे आठवडा लागायचा, आकडा मात्र तेव्हाच डोक्यात पक्का व्हायचा. मला त्यांनी पहिल्यांदा उचललं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. मी बिल्डिंगच्या जिन्यातून उतरायला लागले की मुलं भिंतीला चिकटून उभी राहायची आणि हत्तीला वाट द्या म्हणून एकमेकांना सांगायची. बाईंनी मला उचललं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अठ्ठावन्न." माझ्या आधीच्या पोरीला चौतीस म्हणताना जो आवाज होता, तोच. हसू नाही, हळहळ नाही. तो आवाज मला फार आवडला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

भाईंदर पूर्वेला आमच्या बिल्डिंगच्या मागे बागेसाठी राखून ठेवलेला एक प्लॉट होता. बाग काही झाली नाही. तिथे संध्याकाळी बाई मुलींना कबड्डी शिकवायच्या. दिवसा त्या रेशनच्या दुकानात धान्य मोजायला होत्या. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी तांदूळ, गहू आणि साखर तोलण्यात घालवली होती, त्यामुळे माणूस दिसला की त्याचं वजन आधी दिसायचं, बाकीचं मागाहून. दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा जुनी लोखंडी वजनं अडगळीत गेली. त्यातलं वीस किलोचं, वर मूठ असलेलं एक वजन बाईंनी मागून घेतलं. सरकारी शिक्का मारलेलं होतं ते. बाई त्याला देवासारखं पुसायच्या, असं लिहायचा मोह होतो, पण खरं सांगायचं तर त्या देवालाही फारसं पुसत नसत.

पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च आवळलेली आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. ओढणीच्या टोकाला नेलकटर बांधलेला. रोज प्रत्येकीची नखं बघायच्या आणि वाढलेली दिसली की स्वतःच कापायच्या, आमच्या आयांनी कधी कापली नसतील इतकी खोलवर. त्या शिट्टी वापरत नसत, टाळी वाजवायच्या. खुर्चीवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी दुकानातली धान्याची मोठी चाळण घेऊन यायच्या आणि प्लॉटवरची माती घमेल्या-घमेल्याने चाळायच्या. काचा, खिळे, बाटल्यांची झाकणं निघायची. समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत चहा पीत ही गंमत बघत. बाई मातीचं पीठ करतायत का, असं एका काकांनी वरून विचारलं होतं. बाईंनी त्यांना खाली येऊन चाळायला सांगितलं. ते आले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी काही विचारलंही नाही.

पहिला महिना कबड्डी नव्हतीच. पहिला महिना फक्त पडायला शिकायचं. कुशीवर, पाठीवर, खांद्यावरून लोळत. हलक्या पोरींचं पडून झालं की त्यांना सुट्टी. आम्हा जाड्या पोरींना मात्र पुढे आणखी एक काम असायचं. प्लॉटच्या कोपऱ्यात पालिकेचा नळ होता. त्यावर प्लॅस्टिकचा हंडा गच्च काठोकाठ भरायचा, कमरेवर घेऊन पळत मैदान ओलांडायचं आणि पलीकडच्या बदामाच्या झाडाखाली ठेवायचा. थेंब सांडता कामा नये. सांडला तर परत. आमच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे सांडलेल्या पाण्याची लाज वेगळी शिकवावी लागत नव्हती. उरलेलं पाणी बदामाला घालायचं. त्या झाडाची पानं आमच्या घामावर वाढली असं आम्ही म्हणायचो.

हा हंडा कशासाठी, ते मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. आमच्यात रुबिना नावाची एक पोरगी होती. तीच ती चौतीस. बेव्हर्ली पार्कहून सायकलवर यायची आणि चढाईला गेली की साबणाची वडी हातातून निसटावी तशी निसटायची. एका संध्याकाळी बाई पाठमोऱ्या असताना आम्ही आपलं आपण खेळायला सुरुवात केली. रुबिना चढाईला आली. मी तिला कमरेला धरलं, ती वळली, मी सोडलं नाही आणि आम्ही दोघी पडलो. ती खाली, मी वर. मी उठले तेव्हा ती डोळे उघडे ठेवून पडली होती आणि तिला श्वास येत नव्हता. तोंड उघडं, आवाज नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग एकदम मोठ्याने श्वास आत गेला आणि ती रडायला लागली. मीही रडायला लागले. बाई तिच्याजवळ बसून तिच्या बरगड्या एकेक करून दाबून बघत होत्या. सगळ्या धड आहेत याची खात्री पटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मार खायच्या तयारीत होते.

"धरणं सगळ्यांना येतं," बाई म्हणाल्या. "तू ठेवणं शिक. आधी तिची कंबर टेकव, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी, आणि तेही तुझ्या तळहातावर."

पुढचे एकवीस दिवस मी फक्त हंडा वाहिला. रुबिना तिसऱ्या दिवशी परत आली. मी हंडा घेऊन पळताना ती नळावर बसून मला चिडवायची, "तू नहीं गिरी थी रे, बिल्डिंग गिरी थी." आम्ही आजही मैत्रिणी आहोत आणि आजही ती मला बिल्डिंग म्हणते.

शाळेतल्या खेळाच्या सरांचं आणि बाईंचं कधी पटलं नाही. सर इयत्तेप्रमाणे संघ पाडायचे. सातवी विरुद्ध सातवी, म्हणजे बरोबरी झाली. बाई त्यांना म्हणायच्या, सातवीत सत्तावीस किलोची पण आहे आणि साठची पण आहे, वर्ग एक असला म्हणून हाडं एक होत नाहीत. सरावात त्यांचे स्वतःचेच नियम होते. चाळीसच्या खालच्या पोरीला दोघींपेक्षा जास्त जणींनी धरायचं नाही. पन्नासच्या वरच्या पोरीने उडी मारून अंगावर जायचं नाही. आम्ही कुरकुरायचो, की बाहेरच्या सामन्यांत असं काही नसतं. बाईंना ते ठाऊक होतं.

लोकांना वाटायचं, बाईंच्या आयुष्यात नक्कीच काहीतरी घडलेलं असणार. बहीण दगावली असेल, भावाची मान मोडली असेल. आमच्या बिल्डिंगमध्ये याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी चालत, आणि तिन्ही सांगणाऱ्यांना त्या खात्रीने माहीत होत्या. एकदा एका मुलीच्या आईने धीर करून विचारलंच. बाई नखं कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही झालेलं नाही. कुणाची मान मोडल्यावरच काटा तपासायचा असतो का?" त्या आईची जरा निराशाच झाली असावी.

आता त्या काट्याचं सांगते.

मीरा रोडला एका मंडळाच्या किशोरी गटाच्या स्पर्धा होत्या. आमच्या गटाला पंचावन्न किलोची मर्यादा होती. बाईंनी सोमवारी मला उचललं आणि सांगितलं, अठ्ठावन्न, तू यात बसत नाहीस. माझे बाबा तिथे होते. बाबा परळला वाढलेले, तरुणपणी स्वतः कबड्डी खेळलेले, आणि आता अंधेरीच्या एका ऑफिसात क्लार्क. त्यांनी बाईंना विचारलं, वजनात बसली तर घ्याल ना? बाई म्हणाल्या, बसली तर घेईन, पण उपाशी ठेवून नाही. बाबांनी पहिला अर्धाच भाग ऐकला. मीही.

शनिवारी वजन होतं. बुधवारपासून मी सकाळी एक भाकरी खाल्ली, संध्याकाळी काही नाही. बाबांचे दोन स्वेटर आणि त्यावर रेनकोट घालून गच्चीवर पळायचे आणि बाबा घड्याळ लावून उभे राहायचे. शुक्रवारी दुपारपासून पाणी बंद. तोंडात लिंबाची फोड धरून थुंकत राहायचं, म्हणजे तेवढंच कमी होतं, असं बाबांना त्यांच्या काळच्या कुणीतरी शिकवलं होतं. त्यांनी हे सगळं प्रेमानेच केलं. मला खेळताना बघायचं होतं त्यांना. मलाही आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी गटात बसायचं होतं.

शनिवारी वजनाच्या टेबलापाशी रांग होती. गोल तबकडीचा काटा होता, सुईचा. मी उभी राहिले. सुई साडेचोपन्नवर थांबली. बाबांनी रांगेबाहेरून मूठ वर केली. टेबलावरच्या माणसाने माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. बाई सुईकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या, ते फुटले होते. त्या पुढे आल्या, सगळ्यांसमोर माझ्या काखेत हात घातले, उचललं, ठेवलं.

"साडेछप्पन्न," बाई म्हणाल्या.

टेबलावरचा माणूस हसला. बाईंनी खांद्यावरची गोणपाटाची पिशवी उतरवली. प्रत्येक स्पर्धेला त्या ही पिशवी घेऊन रिक्षाने यायच्या आणि प्रत्येक रिक्षावाला आत दगड आहेत का म्हणून विचारायचा. त्यांनी ते वीस किलोचं वजन काढून काट्यावर ठेवलं. सुई अठरावर थांबली. उचलून परत ठेवलं. अठरा. मग त्यांनी त्या माणसाला काट्यावर नुसता हात ठेवून हळूहळू दाबायला सांगितलं. सुई शून्यावर टेकून बसलेली दिसत होती, पण पहिल्या दोन किलोंना ती हलतच नव्हती. रेशनच्या दुकानात अशा काट्यांची खोड ओळखायला त्या शिकल्या होत्या. मुद्दाम केलेलं होतं की जुना झालेला काटा होता, कोण जाणे. बाईंनी तसा आरोप केला नाही.

तो माणूस चांगला होता. त्याने समजुतीनेच विचारलं, "बाई, काटा सगळ्यांना एकच आहे ना? मग अन्याय कुणावर होतोय?"

"चौतीसच्या पोरीला हा काटा काय देतो? काहीच नाही, ती तशीही बसते," बाई म्हणाल्या. "देतो तो फक्त वरच्यांना. आणि त्या जाऊन पडतात खालच्यांवर."

"मग पहिली तुमचीच मुलगी बाहेर जाईल."

"जाईल. तिच्यापासूनच सुरू करा."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं विसरू शकले नाही. बाई दुसऱ्या कुणापासूनही सुरू करू शकल्या असत्या. दुसरा काटा आणला गेला, सगळ्यांची वजनं परत झाली आणि तीन मुली बाहेर गेल्या. मी आणि दुसऱ्या दोन संघांतल्या एकेक. माझ्या नावापुढची खूण त्या माणसाने खोडली. मी मांडवाच्या मागे जाऊन अख्खी बाटली पाणी एका दमात प्यायले आणि लगेच ओकले. आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. घरी जाताना रिक्षात बाबा एवढंच म्हणाले, की त्या बाईच्या ग्राउंडवर आता पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं, ते माझ्या मनातलंच बोलले.

महिनाभर मी गेले नाही. खिडकीतून मात्र प्लॉट दिसायचा. टाळी ऐकू यायची. दुसरीच कुणीतरी जाडी पोरगी हंडा घेऊन पळत असायची आणि सांडायची. मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात तिच्या चुका काढायचे.

एका रविवारी सकाळी बाई आमच्या घरी आल्या. तिसरा मजला, लिफ्ट नव्हती. बाबांनी त्यांना बसा म्हटलं नाही. त्या तशाही बसल्या नसत्या. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यांनी बाबांना सांगितलं, "भाऊ, त्या बाहेर गेलेल्या दोघींतली एक साडेछप्पन्नची होती, आपल्या पोरीएवढीच. आपलीला बसवलं असतं तर तीही बसली असती. पहिल्याच सामन्यात ती आपल्यासमोर होती. आणि आपल्याकडून चढाईला कोण होतं? रुबिना."

बाबा म्हणाले, "काही झालं नसतं हो बाई."

"नसतंच झालं कदाचित," बाई म्हणाल्या.

मला रुबिनाचं उघडं तोंड आणि न येणारा श्वास आठवला. बाबांना मी ते कधी सांगितलं नव्हतं. बाईंनीही सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

"तुझं वजन चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "गट चुकलाय. उपाशी राहू नकोस."

बाबांनी विचारलं, मग हिने खेळायचं कुठे? आवाज अजून घुश्शातच होता, पण प्रश्न खरा होता. बारक्यांना वाचवायचे नियम सगळ्यांकडे असतात. पण ज्या पोरीला त्या नियमाने बाहेर काढलं, तिने संध्याकाळी जायचं कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. बाई म्हणाल्या, ते मी बघते. आणि गेल्या. आईने टाकलेला चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला पश्चिमेला, उत्तनच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात नेलं. तिथल्या बायकांचा एक कबड्डी संघ होता. सकाळी मासळी विकून आलेल्या, पदर खोचलेल्या, मोठमोठ्या हातांच्या बायका. वाळत घातलेल्या बोंबलांच्या मागे त्यांचं वाळूचं मैदान होतं. बाईंनी मला पुढे केलं. त्यांच्यातल्या सगळ्यात थोराड मावशीने मला खालीवर न्याहाळलं. मी जन्मभर ऐकलेलं ऐकायच्या तयारीने उभी होते.

"ही न्हाय चालायची, बाई," मावशी म्हणाली. "आमच्यात सत्तरच्या खाली कोन न्हाय. पोर हलकी हाय. जपाया लागंल तिला."

हलकी. मी मागे वळून बघितलं, माझ्यामागे दुसरी कुणी उभी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मला रडू आलं आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी बुटाची नाडी बांधायला वाकले. बाई म्हणाल्या, ठेवायचं कसं ते मी सांगते, तुम्ही खेळवा तिला.

त्या दिवशी मी चढाईला गेले आणि त्या मावशीने मला एका हाताने धरलं. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. आपण काहीही केलं तरी समोरच्याचं वजनच आपल्याला हलू देणार नाही, हे काय असतं ते मला तेव्हा कळलं. रुबिनाला माझ्या हातात हेच वाटलं असणार. मग माझी कंबर वाळूला टेकली, मग पाठ. डोकं टेकायच्या आधी त्याखाली मासळीचा वास येणारा एक मोठा तळहात आला. मी आभाळाकडे बघत तशीच पडून राहिले. लागलंय का, असं मावशीने विचारलं. मी नाही म्हटलं.

तिथे मी दोन वर्षं खेळले, मग मोठ्या गटात, मग महिलांच्या खुल्या गटात. फार मोठी खेळाडू झाले नाही. जिल्ह्यापर्यंत गेले, गुडघा दुखावला, नोकरी लागली. बाबा प्रत्येक सामन्याला यायचे आणि बाईंपासून दहा पावलांवर उभे राहायचे. त्यांच्यात पुढे कधी भांडण झालं नाही आणि समेटही झाला नाही. पण एकदा पिशवी रिक्षातून उतरवताना बाबांनी ती बाईंच्या हातून घेतलेली मी पाहिली.

आता त्या प्लॉटवर चौदा मजली बिल्डिंग आहे. बदामाचं झाड राहिलं, गेटच्या वॉचमनच्या खुर्चीवर त्याची सावली पडते. मी शनिवार-रविवार संध्याकाळी पालिकेच्या एका मैदानाच्या कोपऱ्यात पोरींना शिकवते. नखं कापते. उचलून आकडा सांगते, माझा अंदाज किलोभर चुकतो.

बाई काशीमीराला भाचीकडे असतात. गॅरेजच्या मागची खोली. हायवेवरून ट्रक गेला की दार आपोआप आपटतं, म्हणून दाराला ते वीस किलोचं वजन लावलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं तुटक झालं. भाचीला रविवारीही कामावर जावं लागतं, म्हणून रविवारी सकाळी मी जाते, त्यांना पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या आरामखुर्चीत ठेवते आणि दुपारी परत पलंगावर. ज्या बाई कधी खुर्चीवर बसल्या नाहीत त्यांना मी खुर्चीत बसवते. याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही.

परवाच्या रविवारी मी त्यांच्या काखेत एक हात आणि गुडघ्यांखाली दुसरा घालून त्यांना उचललं आणि माझे हात अपेक्षेपेक्षा वर गेले. मधले दोन रविवार मला जायला जमलं नव्हतं, आणि तीन आठवड्यांत त्या इतक्या उतरल्या होत्या. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार.

"किती?" बाईंनी विचारलं.

"बेचाळीस," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डावा डोळा तेवढा धड होता, पण तेवढा पुरे होता. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागला.

"काटा... खोटा आहे," त्या म्हणाल्या.

बाहेरून एक ट्रक गेला. दार हललं नाही. मी त्यांना तशीच धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या गाऊनवर पडत होतं.

"छत्तीस, बाई," मी म्हटलं. "छत्तीस."

त्यांनी मान हलवली. आकडा बरोबर आला की टेबलापाशी हलवायच्या तशीच.

"हं," त्या म्हणाल्या. "आता ठेव."

मी आधी त्यांची कंबर टेकवली, मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी. तळहात मात्र मी लगेच काढला नाही.